लॅपटॉपच्या डिस्कवरील अदृश्य प्रती

मॅकबुकवरून मोठमोठ्या फायली काढून, कचऱ्याची टोपली रिकामी करूनही मोकळ्या जागेच्या आकड्यात तिळमात्र फरक पडत नाही, तेव्हा त्याचे कारण बहुधा टाइम मशीन या व्यवस्थेने खुद्द यंत्राच्याच डिस्कवर, मालकाच्या नजरेआड, राखून ठेवलेल्या प्रतींत असते. बॅकअपची बाह्य डिस्क जवळ नसतानाही गमावलेला मजकूर परत मिळावा, या हेतूने मॅकच्या कार्यप्रणालीच्या २०११ च्या लायन आवृत्तीत ही तजवीज झाली. २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएस या फाइल साठवण्याच्या रचनेत दर तासाला डिस्कच्या तत्कालीन स्थितीचा ‘स्नॅपशॉट’ नोंदला जातो, आणि त्या नोंदीत समाविष्ट असलेली फाइल आपण पुसली, तरी तिने व्यापलेली जागा तो स्नॅपशॉट बरखास्त होईपर्यंत मुक्त होत नाही. सामान्यतः चोवीस तासांनी, जागेची निकड भासल्यास त्याआधीही, यंत्र स्वतःच जुन्या प्रती काढते; म्हणून घाई नसेल तर थांबणेच इष्ट.

थांबणे शक्य नसल्यास, माँटेरे किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत डिस्क युटिलिटी उघडून ‘डेटा’ हा विभाग निवडावा, ‘व्ह्यू’ मेनूतून स्नॅपशॉट दाखवण्याचा पर्याय घ्यावा आणि तारीखवार प्रती काढाव्यात. मात्र बाह्य डिस्कवरील बॅकअप ताजा असल्याची खातरजमा केल्यावाचून त्यांस हात लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मॅकच्या याच डिस्कवर घेतलेल्या आयफोनच्या बॅकअपची गोष्ट निराळी: तो आपोआप जात नाही, आणि केव्हाच विकून टाकलेल्या फोनची प्रतही सेटिंग्जमधील स्टोरेजच्या यादीत ‘आयओएस फाइल्स’ या नावाखाली वर्षानुवर्षे पडून असते.