तोच मतदार, दुसऱ्यांदा

मंडळी, वरवे बुद्रुकमध्ये बसून मतदारांच्या अभ्यासाविषयी बोलायचं तर २०२४ साल टाळून चालणार नाही. ७ मे २०२४ ला बारामती लोकसभेचं मतदान झालं. सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या आणि आपल्या भोर विधानसभा क्षेत्रातही आघाडी त्यांनाच होती. २० नोव्हेंबरला याच भोरमध्ये, सलग तीनदा आमदार झालेले काँग्रेसचे संग्राम थोपटे हरले आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर निवडून आले. राज्यातही तसंच. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला; विधानसभेला २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना. मध्ये गेले साडेसहा महिने.

आता हे का झालं, याचं उत्तर पारावर तयार असतं. ‘बायकांनी दीड हजारात मत दिलं.’ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, पैसे खात्यात आले, निकाल फिरला, झालं सिद्ध! हे वाक्य आपण सहज बोलून जातो, पण तो शेजारच्या घरातल्या बाईवर केलेला आरोप आहे. आरोप करायचा तर पुरावा हवा. निकालाच्या आकड्यांत तो मिळत नाही.

का मिळत नाही ते पाहू. स्वारगेटहून भोरला निघालेल्या एसटीत चाळीस माणसं होती आणि नसरापूर फाट्यालाही चाळीसच आहेत. मग मधे कुणी उतरलंच नाही असं म्हणाल का? वीस उतरले असतील, वीस चढले असतील. मतांचंही तसंच असतं. समजा, एका गावात हजार मतं पडली: मेमध्ये एका बाजूला सहाशे, नोव्हेंबरमध्ये त्याच बाजूला साडेचारशे. फरक दीडशेचा. पण साडेतीनशे जण इकडून तिकडे गेले आणि दोनशे तिकडून इकडे आले, तरी फरक दीडशेचाच दिसणार. शिवाय मेमध्ये घरी बसलेला नोव्हेंबरमध्ये मतदानाला आला असेल. राज्यात लोकसभेला ६१ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, विधानसभेला ६६ च्या. म्हणजे मत बदललं की मतदार बदलला, हेसुद्धा आकडा सांगत नाही.

मतदानोत्तर सर्वेक्षण पुष्कळ पुढे जातं. आपल्याकडे लोकनीतीने ते काम वर्षानुवर्षं केलं आहे. पुणे विद्यापीठातल्या सुहास पळशीकरांसारख्या अभ्यासकांचा त्यात मोठा वाटा. मतदार यादीतून माणसं निवडायची, घरी जायचं, मतपत्रिकेसारखा कागद द्यायचा आणि तो घडी करून पेटीत टाकायला सांगायचं, म्हणजे सर्वेक्षकासमोर कुणाला संकोच नको. मात्र अशा पाहणीत दर वेळी बहुधा नवी माणसं असतात. मेमध्ये काय केलंत, हे नोव्हेंबरमध्ये विचारलं तर आठवण जिंकलेल्याच्या बाजूला झुकते, हा जगभरचा अनुभव आहे.

म्हणून पॅनेल सर्वेक्षण. त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जायचं. पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४० मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत हे केलं. रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी अध्यक्षपदाची निवडणूक होती. सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर सात वेळा भेटले. अपेक्षा अशी, की प्रचाराने माणसं फिरताना दिसतील. सरळ एका पक्षातून दुसऱ्यात गेलेले फारच थोडे निघाले; प्रचाराने बहुतेकांना त्यांच्या मूळच्या बाजूलाच घट्ट केलं. आणखी एक शहाणपण त्यांनी केलं. सारखं विचारल्यानेच माणूस बदलतो का, हे तपासायला तुलनेसाठी वेगळे गट ठेवले.

आता पारावरच्या आरोपाकडे या. पॅनेल असतं तर मेमध्ये, योजनेचा पत्ताही नसताना, त्या बाईचं मत नोंदलेलं असतं. मग चार प्रकारच्या बाया वेगळ्या दिसल्या असत्या: पैसे मिळाले आणि मत बदललं, मिळाले, पण बदललं नाही, मिळाले नाहीत तरी बदललं, आणि मिळाले नाहीत, बदललंही नाही. पहिल्या गटाकडे बोट दाखवून भागत नाही. पैसे न मिळालेल्यांतही तेवढ्याच प्रमाणात मत फिरलं असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. मेमध्येच महायुतीला मत दिलेल्या लाभार्थी बायांना तर या हिशेबात ओढायचंच कारण नाही. आणि मेची नोंद नोव्हेंबरनंतर तयार करता येत नाही. संधी गेली ती गेली.

‘मत बदललं’ म्हणजे तरी काय? आपल्या भोरमध्ये मेमध्ये तुतारी वाजवणारा माणूस आणि घड्याळ समोरासमोर, नोव्हेंबरमध्ये हाताचा पंजा आणि घड्याळ. आघाडीशी निष्ठावान राहिलेल्यालाही बटण वेगळंच दाबावं लागलं! २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. मतदार जागेवर, पक्षच हलले. तेव्हा ‘तुम्ही कोणत्या पक्षाच्या जवळचे?’ हा प्रश्न महाराष्ट्रात नुसता विचारून उपयोग नाही. कोणती राष्ट्रवादी, तेही विचारावं लागतं.

ध्रुवीकरणाचा प्रश्न याहून अवघड. विरुद्ध बाजूबद्दलची चीड आधी येते आणि मग पक्ष निवडला जातो, की पक्ष आधी ठरतो आणि चीड मागून येते? एकदाच विचारलं तर दोन्ही एकत्र दिसतात, क्रम दिसत नाही. तीन-चार फेऱ्या झाल्या की तो दिसू लागतो. पण फिलिप कॉन्व्हर्स यांचा इशाराही लक्षात ठेवायला हवा. १९५६, ५८ आणि ६० साली त्याच अमेरिकन मतदारांना विचारलेल्या धोरणविषयक प्रश्नांची उत्तरं त्यांनी ताडून पाहिली. बरीच उत्तरं दिशेविना इकडेतिकडे होत होती. मत असं नव्हतंच. कुणी दारात येऊन विचारलं म्हणून काहीतरी सांगितलं. आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘कालचा माणूस आज तोच का?’ यावर तास घालवतो. इथे तोच प्रश्न तक्त्यात येऊन बसतो.

व्यवहारात सर्वांत मोठी अडचण गळतीची. शिरवळच्या कारखान्यात पाळी बदललेला पोरगा, पुण्यात खोली घेतलेलं जोडपं, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, ही माणसं दुसऱ्या फेरीत घरी सापडत नाहीत. सापडतात ते म्हातारे आणि शेतावरचे. जे सापडले त्यांच्यावरच हिशेब केला तर गाव आहे त्याहून स्थिर दिसतं, कारण ज्यांचं आयुष्य बदललं तेच यादीतून गळालेले असतात. म्हणून पहिल्याच भेटीत दोन नातेवाइकांचे फोन नंबर घ्यायचे, आणि मुलगी सासवडला दिली असेल तर सर्वेक्षकाने सासवडला जायचं. तो गाडीखर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा लागतो.