वरचा दोरा, खालचा दोरा

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, शिवणयंत्र आहे. त्यावर आई परकर-ब्लाउज शिवते आणि माझी कॉलेजची फी त्यातूनच भरली जाते. तरीसुद्धा गेल्या दिवाळीपर्यंत त्या यंत्राचा टाका कसा पडतो हे मला ठाऊक नव्हते. मराठी विषय घेतलेल्याने यंत्रावर काय लिहायचे, असे एका मित्राने विचारले. पण जे आठ परकर उसवून कळले, ते लिहायला हरकत नसावी.

दिवाळीच्या तोंडावर आईला ताप भरला. दुकानदाराला परकर वेळेवर द्यायचे होते. सरळ टीप मारण्याइतपत मशीन मला येत होती, म्हणून मी बसलो. वरून टीप छान दिसत होती. आठवा परकर झाल्यावर सहज उलटून पाहिला, तर खालच्या बाजूला दोऱ्याचे फासेच फासे! खाली बिघडले म्हणजे दोष खालच्या दोऱ्याचा, असे समजून मी बॉबिन केसवरचा बारीक स्क्रू आवळला. फासे वाढले. पुन्हा आवळला.

इथेच माझी चूक होती. हा टाका दोन दोऱ्यांचा असतो. अमेरिकेत एलायस हौ याने १८४६ साली पेटंट घेतलेले यंत्र याच टाक्याचे होते. सुई वरचा दोरा कापडाखाली नेते. ती वर येऊ लागताच दोऱ्याचा छोटा फासा सुटतो, खालचा आकडा तो पकडून बॉबिनभोवती फिरवतो आणि खालचा दोरा त्यात अडकतो. मग वरचा दांडा दोरा खेचून घेतो. म्हणजे प्रत्येक टाक्याला एक रस्सीखेच चालते. दोन्हींची ओढ सारखी असेल तर दोऱ्यांचा विळखा कापडाच्या दोन पदरांच्या मध्ये लपतो. वरची ओढ जास्त झाली, की खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसतात. वरची ओढ कमी पडली, तर वरचाच दोरा खाली ओढला जाऊन फासे होतात. खाली दिसणारे फासे वरच्या दोऱ्याचे असतात, हे ध्यानात आले म्हणजे निम्मे काम झाले.

वरचा दोरा दोन चकत्यांमधून जातो. कापड दाबणारा पाय वर उचलला की त्या सैल होतात, खाली केला की मिटतात. मी पाय खाली ठेवूनच दोरा ओवला होता. तो चकत्यांच्या मध्ये बसलाच नव्हता, मग त्याला ताण येणार कुठून? आईने अंथरुणावरूनच विचारले, "ओवताना पाय वर होता का रे?" तिने मशीनकडे मान वळवूनही पाहिले नव्हते.

म्हणून टीप बिघडली तर आधी पाय वर करून दोरा नव्याने ओवावा. मग ज्या कापडाचे काम आहे त्याच्याच दुपदरी तुकड्यावर, वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून टीप मारून पाहावी. कोणता रंग कुठे डोकावतो ते लगेच दिसते. वरचा नट अगदी थोडा फिरवावा आणि पुन्हा पाहावे. पॉपलीनवर जमलेला ताण पातळ रुबियावर टीप चुणवतो, तेव्हा कापड बदलले की पुन्हा तपासणी आलीच.

बॉबिन केसचा स्क्रू सर्वांत शेवटी. आधी तिच्या पातळ पट्टीखाली अडकलेले सुताचे तूस काढावे. तुसाने पट्टी उचलली जाऊन दोरा सैल पडतो. मग भरलेली केस दोऱ्याने अधांतरी धरावी. ती आपल्या वजनाने घसरू नये, पण हलका झटका दिल्यावर दोन-तीन बोटे खाली यावी. न आल्यास स्क्रू केसभर सैल करावा.

आठही परकर आम्ही रात्री ब्लेडने उसवले. पाणी मारून इस्त्री केल्यावर सुईची भोके बरीचशी बुजली. सहा दुकानात वेळेवर पोचले, दोनांचे पैसे कापले गेले. आईचा राग मात्र परकरांवर नव्हता. तो स्क्रू तिने कित्येक वर्षांत हलवला नव्हता, आणि पूर्वीच्या जागी आणायला तिला तापात पाऊण तास बसावे लागले, हे ती अजून ऐकवते.