एआयवाला बोलावताय? आधी हे विचारा!

‘तुम्ही फक्त धंदा सांगा, एआयचं आमच्यावर सोडा!’ मोबाइल उघडला की अशी एक तरी जाहिरात दिसतेच. ऐकायला भारी वाटतं. पण ‘आमच्यावर सोडा’ म्हणजे नेमकं काय काय सोडायचं?

भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव घ्या. कोसा रेशमाच्या हातमागासाठी ओळखलं जाणारं गाव. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या विदर्भातल्या करवतकाठी साड्यांना भौगोलिक मानांकनही आहे. समजा, इथल्या एखाद्या विणकर संस्थेला ऑनलाइन गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायला एआय हवाय. घरात इंजिनिअर नाही, म्हणजे बाहेरची कंपनी गाठावी लागणार. मग निवडायची कशी?

काम आधी, कंपनी नंतर
‘आम्हाला एआय पाहिजे’ हे काही काम नव्हे. ‘हिंदी-इंग्रजीत आलेल्या चौकशीला बरोबर उत्तर पाहिजे’ हे काम. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसासाठी एआय आणताना मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला सोबत घेतलं. तंत्रज्ञान बाहेरचं, पण पीक आणि शिवार ओळखणारी माणसं इथलीच. आपलं काम आपल्यालाच सांगता आलं नाही, तर समोरचा त्याच्याकडे जे तयार आहे तेच विकणार.

चूक झाली तर भरणार कोण?
एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. प्रकरण लवादात गेलं. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा अजब बचाव कंपनीनं केला! फेब्रुवारी 2024 मध्ये लवादानं तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. आता विचार करा, बॉटनं ‘साडी चार दिवसांत घरपोच’ असं ठोकून दिलं आणि ती अजून मागावरच असेल, तर गिऱ्हाईक कुणाला धरणार? बॉट बनवणाऱ्याला तर ते ओळखतही नाही.

माहिती कुणाच्या घरात?
गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते बाहेरच्या कंपनीकडे दिले तरी जबाबदारी धंदेवाल्याचीच राहते, असं 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो. यात दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. डिझाइनचंही तसंच. नक्षीचे फोटो दिले, तर ते दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी किंवा एआय शिकवायला वापरणार का? करार संपल्यावर परत देणार की पुसणार? ‘नाही वापरणार’ हे तोंडी नको, करारात हवं.

आधी परीक्षा घ्या
जुन्या चौकशांतले 50 प्रश्न काढा. त्यांची बरोबर उत्तरं तुम्हाला माहीत आहेतच. तेच बॉटला विचारा आणि उत्तरं मागावर बसणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. किती चुकली, त्यापेक्षा कशी चुकली ते बघा. ‘माहीत नाही, संस्थेला विचारून सांगतो’ असं म्हणणारा बॉट परवडला, पण ठासून खोटं बोलणारा नको. परीक्षेला तयार नसलेल्या कंपनीला तिथंच रामराम करा.

आणि दोस्तांनो, यात तुमचं काय? कंपनीला कोसा कळत नाही, विणकराला करार कळत नाही. दोघांची भाषा समजणारं माणूस मध्ये लागतं. भंडारा-तुमसरच्या कॉलेजात बीकॉम, बीसीए करणारी, घरी माग नाहीतर दुकान असलेली पोरं-पोरी हे काम झकास करू शकतात. त्यासाठी एआयचा महागडा कोर्सच हवा असं नाही. करार ओळ न ओळ वाचायची सवय आणि न लाजता प्रश्न विचारायची हिंमत, एवढ्यावर सुरुवात होते.

पुढच्या वेळी घरी कुणी ‘एआय बसवून देतो’ म्हणत आलंच, तर चहा जरूर पाजा. सही मात्र करार वाचल्यावरच!