लाळ आटली, दात गेले

नोव्हेंबर 2021 मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीवर छापा घातला. तिथे एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवण्याचा कारखाना सापडला. आम्हा मुरगूडकरांना चंदगड काही परकं नाही, जिल्हा एकच. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या एमडीच्या तपासाचा माग कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपासून सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला. अशा बातम्यांत किलो आणि कोटी मोजले जातात. दातांचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

मेफेड्रोन, मेथॅम्फेटामीन, कोकेन ही सगळी उत्तेजकं. संकट समोर उभं आहे, असा खोटा निरोप ती शरीराला देतात. छाती धडधडते, भूक मरते, झोप उडते आणि लाळ आटते. पहिल्यांदा भाषणाला उभं राहिलेल्या पोराची जीभ टाळ्याला चिकटते ना, तसंच. फक्त इथे ते तासन् तास चालतं.

लाळेला आपण फारच कमी लेखतो. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. जंतूंनी तयार केलेलं आम्ल ती धुऊन काढते आणि झिजलेल्या दाताला कॅल्शियम, फॉस्फेट परत देते. तोंडातला सामू साधारण 5.5 च्या खाली उतरला की दातावरचं कठीण कवच विरघळू लागतं. लाळच नसेल तर तो वर आणणार कोण? त्यात कोरड भागवायला गोड थंड पेयं ढोसली जातात, नशेत दातांवर दात करकरा घासले जातात आणि ब्रश कित्येक दिवस कोरडाच राहतो. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी मेथॅम्फेटामीन घेणाऱ्या 571 जणांचे दात तपासले. 2015 साली निष्कर्ष छापून आले: 96 टक्क्यांना दातांची कीड आणि 31 टक्क्यांचे सहा किंवा अधिक दात गेलेले.

एमडी पकडली की मथळे होतात. पण मुरगूडच्या आसपास रोज तोंडात जाणारं उत्तेजक दुसरंच आहे. निकोटिनही उत्तेजकच, आणि तंबाखूची मोठी पेठ असलेलं निपाणी इथून हाकेच्या अंतरावर. 2016-17 च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं सांगणाऱ्या बायका घरोघरी भेटतील. त्यांच्या लेखी ते व्यसन नाहीच, दात घासणं आहे. खरं तर भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरडी खाली सरकवते, आणि निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसत असल्याने आजारी हिरडीतून रक्तही कमी येतं. दुखणं लपून राहतं.

गुटखा आणि माव्यातली सुपारी आणखी वेगळं काम करते. गालाच्या आतली त्वचा तिच्यामुळे टणक होते, तोंड उघडेनासं होतं. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते, ते रस्त्याकडेच्या पिचकाऱ्यांवरून दिसतंच.

आरशासमोर उभं राहून आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालून पाहा. ती जात नसतील, किंवा तोंडातला चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल, तर दंतवैद्याकडे जा आणि काय खाता ते खरं सांगा. तंबाखू सोडण्यासाठी 1800 112 356 आणि इतर नशेसाठी 14446 या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो.