नाते : मावशी

वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 123 बेवारस दिव्यांग मुलांच्या नावापुढे बाप म्हणून स्वतःचं नाव, मग 2024 ची पद्मश्री. ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीत आम्ही करतो ते त्यापुढे किरकोळ. इथल्या दिव्यांग मुलांना आईबाप आहेत. फक्त शाळेला हवे असतात तेव्हा बाप सफारीच्या जिप्सीवर आणि आई रिसॉर्टच्या भटारखान्यात, नाहीतर मोहाखाली. मग त्यांच्या जागी शाळेत आम्ही जाऊन बसतो.

बसतो खरे, पण कोण म्हणून? अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या 1975 च्या कायद्याने शिक्षणापुरता पालक नेमायची सोय केली. आपल्या 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात जन्मदाते, सावत्र, दत्तक आईबाप आहेत, मुलाचा ताबा असलेला आहे. सवड असलेला शेजारी नाही. आमच्यातल्या एकीने ‘नाते’ या रकान्यात प्रामाणिकपणे ‘शेजारी’ लिहिलं, अर्ज परत आला. पुढच्या वेळी ‘मावशी’ लिहिलं, मुकाट मंजूर. तिचे भाचे इतके वाढले, की दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरात एका कारकुनाने विचारलं, “बाई, तुम्हाले बहिणी किती जी?” ती एकुलती एक आहे.

आमच्यातही दोन तट आहेत. एक म्हणतो गावातलीच शाळा, दुसरा म्हणतो निवासी विशेष शाळा. एका कर्णबधिर मुलाला तपासणीला नेताना दोघी मोहर्ली सोडल्यापासून भांडत होत्या, तेही त्याच्या डोक्यावरून. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याने ही निवड मुलाला दिलीय, याची आठवण कुणालाच नव्हती. पोरगं ओठ वाचतं, हे चंद्रपूर आल्यावर कळलं.

दहावीला दृष्टिहीन मुलीला लेखनिक मिळतो, तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात. लेखनिक मात्र खालच्या वर्गातला हवा. आमचा नववीतला लेखनिक शेवटच्या पेपरच्या सकाळी गायब! पहाटेच मोहफुलं वेचायला गेला होता. कुणीतरी दुचाकी पिटाळली, घंटेच्या आधी त्याला आणून बसवलं. तर हा पठ्ठ्या तिला कुजबुजत सांगतोय, “हे चुकीचं हाय.” ती म्हणाली, “तू लिही.” पुढल्या वर्षी त्याच विषयासाठी तो तिच्याकडे शिकायला बसला.

आणि ती शनिवारची पालकसभा. बाप आला नाही म्हणून आधी बोलणी खाल्ली. अर्थात मीच, कारण खुर्चीत मी होते. शनिवारी पर्यटकांची गर्दी. गाईड काय, चालक काय, नंबर सोडला की रोजी बुडाली. मग अध्यक्षस्थानी यायचे ते साहेबही येईनात. तासाभराने उगवले, बुटांवर लाल धूळ. वाघ दिसला म्हणून खुशीत होते. जिप्सी कुणाची, ते त्यांनी आपणहून सांगितलं : गैरहजर बापाचीच.

मुख्याध्यापकांना एकच विनंती : सभा मंगळवारी घ्या. त्या दिवशी ताडोबाचा गाभा बंद असतो आणि बाप घरी असतो.