शृंगारिक बुकप्लेट : स्वामित्वाच्या खुणेकडून संग्राह्य कलेकडे

प्रास्ताविक

जुन्या ग्रंथसंग्रहातील एखादे पुस्तक उघडल्यावर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस चिकटवलेली छापील चिठ्ठी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर ग्रंथमालकाचे नाव असते. कधी त्यासोबत एखादे चित्रही असते. या चिठ्ठीला बुकप्लेट म्हणतात. युरोपात तिच्यावर ‘एक्स लिब्रिस’ हे लॅटिन शब्द छापण्याची प्रथा आहे. ‘अमक्याच्या ग्रंथांपैकी’ असा त्यांचा अर्थ. स्वामित्वाची ही साधी खूण शृंगारिक चित्रकलेचे आश्रयस्थान कशी झाली आणि त्यात संग्राहकांचा वाटा कोणता होता, याचा विचार आपण येथे करणार आहोत.

१. उगम

छापील बुकप्लेटचा उगम पंधराव्या शतकातील जर्मन प्रदेशात आढळतो. १४८० च्या सुमारास हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्ग याने बुक्सहाइम येथील मठाला ग्रंथ दिले. त्या ग्रंथांत हाती ढाल धरलेल्या देवदूताचे चित्र असलेली चिठ्ठी लावलेली होती. पुढे आल्ब्रेख्त ड्यूररसारख्या श्रेष्ठ चित्रकारानेही आपला विद्वान मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर याच्यासाठी बुकप्लेट केली. ग्रंथ दुर्मीळ व महाग असण्याच्या त्या काळात मालकाची ओळख पटवणे हे बुकप्लेटचे मुख्य काम होते. त्यामुळे पुढील दीर्घ काळ तिच्यावर घराण्याच्या ढालचिन्हांचेच प्राबल्य राहिले. मालकाचे कुळ त्यातून कळे. त्याचे मन मात्र कळत नसे.

२. संग्राहकांचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. बुकप्लेट ही स्वतंत्रपणे जमवण्याची वस्तू ठरली. ऑगस्टस वॉलस्टन फ्रँक्स यांचा बुकप्लेटचा प्रचंड संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १८९७ मध्ये, ब्रिटिश म्युझियमला मिळाला. १८९१ या एकाच वर्षी लंडन आणि बर्लिन या दोन्ही शहरांत बुकप्लेटप्रेमींच्या संस्था स्थापन झाल्या. संग्राहक आपली बुकप्लेट दुसऱ्याला देत आणि बदल्यात त्याची घेत. या देवघेवीचा एक महत्त्वाचा परिणाम तुम्ही ध्यानात घ्यावा. अनेक बुकप्लेट आता पुस्तकात चिकटवण्यासाठी नव्हे, तर केवळ अदलाबदलीसाठी तयार होऊ लागल्या. चिठ्ठी ग्रंथापासून सुटली आणि लहान आकाराचे मुद्राचित्र बनली.

३. शृंगाराला येथेच वाव का मिळाला?

याची तीन कारणे सांगता येतील. पहिले कारण आकाराचे. तळहातावर मावणारे चित्र भिंतीवर टांगले जात नाही. ते एकट्याने, जवळून पाहिले जाते. दुसरे कारण प्रसाराचे. अशी चित्रे दुकानात विक्रीस ठेवलेली नसत. ती थोड्या प्रतींत छापली जाऊन परिचितांच्या वर्तुळातच फिरत. त्यामुळे जाहीर प्रकाशनावर येणारा कायद्याचा दबाव येथे तुलनेने कमी पोहोचे. तिसरे कारण आश्रयाचे. चित्रकार आणि संग्राहक यांचा थेट संबंध असल्याने ग्राहकाची आवड मोकळेपणाने चित्रात उतरे. लेडा आणि हंस, आदम आणि ईव्ह, वनदेवता असे परंपरेने मान्य केलेले विषय त्यासाठी सोयीचे ठरले.

४. तीन चित्रकार

फ्रान्झ फॉन बायरोस (१८६६–१९२४) याचा जन्म झाग्रेबचा. नाजूक रेषा, भरजरी वस्त्रे आणि धीट शृंगार ही त्याच्या चित्रांची वैशिष्ट्ये. त्याने कितीतरी बुकप्लेट केल्या. अधिक उघड चित्रे मात्र ‘शुआझी ल कोनँ’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. त्या चित्रांमुळे म्युनिकमध्ये त्याच्यावर कारवाई झाली आणि १९११ च्या सुमारास त्याला जर्मनी सोडावी लागली. खाजगी चिठ्ठी आणि प्रकाशित पुस्तक यांतील अंतर किती निर्णायक होते, हे यावरून दिसते.

मिशेल फिंगेस्टेन (१८८४–१९४३) हा ज्यू चित्रकार. नाझी राजवटीमुळे तो इटलीत गेला. कोमो येथील जान्नी मान्तेरो यांच्यासारख्या संग्राहकांसाठी त्याने बुकप्लेट कोरल्या. त्यांत कामवासना, उपहास आणि मृत्यू एकत्र नांदतात. १९४० मध्ये तो स्थानबद्ध झाला; पुढे फेर्रामोंती येथील छावणीत त्याला ठेवण्यात आले. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये छावणी मुक्त झाली, पण त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा मृत्यू झाला. परागंदा झालेल्या या कलावंताला संग्राहकांची मागणी हा मोठा आधार होता. संग्रहाचा छंद केवळ श्रीमंतांची हौस नव्हे, हे त्याचे चरित्र सांगते.

मार्क सेव्हरिन (१९०६–१९८७) हा बेल्जियन कोरीवकार. त्याच्या ताम्रपटावरील आणि लाकडावरील कामात स्त्रीदेह शांत, अभिजात रेषेत येतो. १९४९ मध्ये त्याने बुकप्लेट कशी करावी यावर पुस्तकही लिहिले.

५. मूल्यमापन

संस्कृत काव्यशास्त्रात शृंगार हा रस आहे, तर अश्लीलता हा दोष. मम्मटाने अश्लीलतेचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले, हे तुम्ही अभ्यासले असेल. हा भेद येथेही उपयोगी पडतो. विषय शृंगाराचा आहे एवढ्याने चित्र सदोष ठरत नाही. मालकाचे नाव, ग्रंथ आणि प्रतिमा यांचा मेळ साधला आहे का, हे पाहावे लागते. त्याचबरोबर आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. या चित्रांचे आश्रयदाते बहुतांशी पुरुष होते. स्त्रीचा देह चित्रात आणि पुरुषाचे नाव त्याखाली, अशी रचना वारंवार दिसते. ‘यांच्या ग्रंथांपैकी’ हे शब्द अशा वेळी केवळ ग्रंथाचेच स्वामित्व सांगतात का? चित्राचे सौंदर्य मान्य करूनही हा प्रश्न विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

सारांश

बुकप्लेट कुळाच्या चिन्हाकडून व्यक्तीच्या आवडीकडे आणि ग्रंथाकडून संग्रहाकडे गेली. शृंगारिक बुकप्लेट या स्थित्यंतरातून घडली. १९६६ पासून बुकप्लेट संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ कार्यरत असून संग्राहकांची देवघेव आजही चालू आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. अदलाबदलीच्या प्रथेमुळे बुकप्लेटच्या स्वरूपात कोणता बदल झाला?
२. बायरोस आणि फिंगेस्टेन यांच्या उदाहरणांवरून कलावंत, आश्रयदाता आणि सत्ता यांचे नाते स्पष्ट करा.
३. शृंगार आणि अश्लीलता यांतील भेद दृश्यकलेला कितपत लागू पडतो? तुमचे मत सकारण मांडा.