आधी पत्रा, मग इंजिन

कोठारात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली एमजीबी हाती आली, की पहिला हात किल्लीकडे जातो. तो आवरा. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्या हाच तिचा कणा, आणि गंज नेमका तिथेच चढतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यांवरून फिरवा. चिकटलं नाही, तर रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे! पट्टी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करा; नाहीतर गाडी मधोमध वाकते, दारं नीट लागत नाहीत. इंजिन जाम असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस थांबा, मग हाताने फिरवून बघा. सुदैवाने या गाडीचे पत्र्याचे भाग आजही नवे मिळतात.